जुन्या उतारावरची बाई

आमच्या शहरात येणारा पाहुणा आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतो आणि मग इतिहास. हे मला कामाच्या पहिल्याच दिवशी छत्रीबाईंनी सांगितलं. "दोन्हींची उत्तरं खरी द्यायची," त्या म्हणाल्या. "पहिलं चुकवलंस तर तो तिथल्या तिथे तुला शिव्या घालेल. दुसरं चुकवलंस तर त्याला कधीच कळणार नाही. म्हणून दुसरं जास्त जपायचं."

मी तेव्हा पर्यटन कार्यालयात नवाकोरा गाइड होतो आणि त्या तिथे एकोणीस वर्षं मुरलेल्या. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उच्चारलं जायचं. एरवी सगळे छत्रीबाईच म्हणायचे. अंगाने किरकोळ, उंचीने बेताच्या. चाळीस पाहुण्यांच्या घोळक्यात त्या दिसायच्याच नाहीत. म्हणून बंद छत्री डोक्यावर उंच धरून चालायच्या आणि मागून सगळी वरात. पाऊस आला तरी ती छत्री उघडायच्या नाहीत. उघडली की पाहुणे आडोशाला पांगतात आणि मग त्यांना गोळा करण्यात अर्धा तास जातो, असा त्यांचा हिशेब. भिजायचं, पण गोष्ट अर्धवट सोडायची नाही.

आमच्याकडे दाखवायला काय होतं ते आधी सांगतो. दोनशे वर्षांपूर्वी तीन होड्या आणि सव्वीस माणसं नदीचा उगम शोधायला निघाली आणि आमच्या गावाशी येऊन एक हिवाळाभर राहिली. तेव्हा ते गावच होतं, शहर नंतर झालं. त्या मोहिमेच्या खुणा अजून आहेत. होड्या दुरुस्त केल्या ती वखार, टेकडीवरचा तळ, त्यांच्या आचाऱ्याची कबर आणि संग्रहालयात काचेखाली ठेवलेली कप्तानाची रोजनिशी. मोहिमेचा कंटाळा आला की लोखंडी पूल, घड्याळाचा मनोरा, मत्स्यालय आणि नदीतली फेरी. एका दिवसात सगळं उरकायचं आणि संध्याकाळी पाच वाजता पाहुणे पुन्हा बसमध्ये.

या सगळ्यात छत्रीबाईंची जीव लावलेली जागा एकच, जुना उतार. पुलाच्या वर दीड किलोमीटरवर नदी वळण घेते. तिथे एक काळा खडक पाण्यात शिरलाय आणि त्याच्या कुशीत जेमतेम तीन होड्या मावतील एवढं संथ पाणी आहे. मोहीम तिथे काठाला लागली. खडकावर एक स्मृतिशिला होती, तारीख कोरलेली. बघायला बाकी काहीही नाही. पण बाई तिथे पाहुण्यांना उभं करायच्या आणि रोजनिशीतल्या तीन दिवसांच्या नोंदी तोंडपाठ सांगायच्या.

पहिल्या दिवशी कप्तान लिहितो, की खडकावर एक ठेंगणी बाई हातात वल्हं घेऊन उभी आहे आणि आम्हाला उतरू देत नाही. दुसऱ्या दिवशी लिहितो, अजून उभी आहे, माणसं होडीतच झोपली, सगळे वैतागलेत. तिसऱ्या दिवशी त्याला उमगलं की ती बंदुकांकडे बोट दाखवतेय. बंदुका होडीत ठेवल्या, तेव्हा ती बाजूला झाली.

"सव्वीस पुरुष," छत्रीबाई म्हणायच्या, "आणि वाट केवढी? हे बघा, माझे दोन हात पसरले की संपली." मग त्या खरंच हात पसरून उभ्या राहायच्या. पाहुणे हसायचे, पण बसमध्ये परतताना त्या बाईबद्दलच बोलायचे. कप्तानाबद्दल कोणी चकार शब्द काढायचं नाही.

बाईंचे वडील नदीवर पाणी मापायचे. दोरीला शिशाचा गोळा बांधून होडीतून फिरायचं, दर पन्नास पावलांवर खोली लिहून घ्यायची, हेच काम तीस वर्षं. लहानपणी बाई त्यांच्याबरोबर होडीत असायच्या. जुन्या उताराखाली गोटे आहेत, तिथे होडी ओढली तर तळाला ओरखडाही येत नाही, आणि पुलाखाली नुसता गाळ, माणूस कंबरेपर्यंत रुततो, हे त्यांना पुस्तकातून नाही, दोरीच्या हिसक्यावरून माहीत होतं.

माझी नोकरी अकराव्या वर्षात असताना नवे साहेब आले. ते वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. कामसू होते, सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, गाइडांना पहिल्यांदा बसायला खुर्च्या त्यांनीच दिल्या. त्यांची अडचण एकच होती, जुन्या उताराला बस वळत नाही. रस्ता अरुंद, ड्रायव्हरला उलटं जावं लागायचं, रोज कोणाचा तरी आरसा तुटायचा. इकडे पुलाखाली नवा रिव्हरफ्रंट झाला होता. फरशी, बाकं, दुकानं, वीस बस उभ्या राहतील एवढी जागा. एका सोमवारी क्रेन आली आणि खडकावरची स्मृतिशिला उचलून ट्रकमधून रिव्हरफ्रंटवर नेली. बुधवारी ती कारंज्यासमोर चौथऱ्यावर उभी होती.

गुरुवारी साहेबांनी आम्हा सहा गाइडांना बोलावून नवं निवेदन वाटलं. त्यात एक वाक्य जाड अक्षरात होतं, 'आपण आत्ता उभे आहात नेमक्या याच जागी मोहिमेच्या होड्या काठाला लागल्या आणि स्थानिक रहिवाशांनी त्यांचं आनंदाने स्वागत केलं.'

छत्रीबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"साहेब, यात खरं लिहिण्यासारखं एकच होतं, नदी. आणि तेवढी नेमकी लिहायची राहिलीय."

आम्ही हसलो. साहेबही हसले. "बाई, तिथे बस वळत नाही हो."

"कप्तानाला माहीत नव्हतं बस येणार आहे ते."

"लोकांना काय, फोटो काढायचा असतो. दीड किलोमीटर इकडे काय, तिकडे काय."

"आणि ती बाई कुठे गेली?"

"कुठली बाई?" साहेबांनी खरंच विचारलं. त्यांनी रोजनिशी वाचलेली नव्हती.

शुक्रवारी आमच्या दोन बस एकामागे एक रिव्हरफ्रंटवर लागल्या. बाईंचा घोळका पुढे, माझा मागे. बाईंनी छत्री उंच केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हा दगड सोमवारी ट्रकमधून इथे आणलाय. होड्या इथे लागल्या नाहीत. इथे तेव्हा एवढा गाळ होता की कप्तान उतरला असता तर त्याची टोपीच तेवढी वर राहिली असती. खरी जागा वरच्या अंगाला आहे. ज्यांना चालवतं त्यांनी माझ्याबरोबर चला, ज्यांना चालवत नाही त्यांनी इथे बसून घ्या, पण इथे उभं राहून फोटो काढू नका. घरी जाऊन खोटं दाखवाल."

एकवीसजण त्यांच्या मागे गेले. बस दोन तास उशिरा सुटली.

मग मी माझ्या घोळक्यासमोर गेलो, माइक हातात घेतला आणि जाड अक्षरातलं वाक्य म्हटलं. अगदी सफाईने म्हटलं. मला तेव्हा दोन लहान मुली होत्या, हे कारण मी स्वतःला दिलं. ते कारण खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं.

रिव्हरफ्रंटच्या दुकानदारांनी तक्रार केली. बाईंना नोटीस आली. आठ दिवसांत खुलासा करा. बाईंनी त्याच दिवशी केला, दोन ओळींत: 'मी जे सांगितलं ते खरं आहे. खुलासा करायचाच असेल तर दगडाने करावा.'

तीन जणांची समिती बसली. साहेब, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि हॉटेलवाल्यांचा प्रतिनिधी. मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, साक्षीला लागलो तर असावा म्हणून. दार अर्धवट उघडं होतं.

"तुम्ही पाहुण्यांसमोर कार्यालयाला खोटं पाडलंत," मुख्याध्यापक म्हणाले.

"मी नाही पाडलं. ते आधीच पडलेलं होतं. मी फक्त पाहुण्यांना म्हटलं, जपून चाला."

"अहो बाई, दीड किलोमीटरने असं काय बिघडतं?"

"तुमच्या पत्रांवर मी दीड किलोमीटर पुढचा पत्ता लिहीन. मग बघू काय बिघडतं."

हॉटेलवाल्याने मध्यममार्ग काढला. बाईंनी निवेदन जसंच्या तसं म्हणावं, बाकी कोणी खासगीत विचारलं तर सांगावं. साहेबांनी लगेच मान डोलावली. मला वाटलं, सुटल्या. पण बाईंचा आवाज बाहेरपर्यंत आला, "खरं खासगीत आणि खोटं माइकवर? माइक मला लागतच नाही, साहेब. तो तुम्हीच ठेवा."

त्यांनी गळ्यातला बिल्ला काढला. तो फितीतून सोडवून टेबलावर ठेवला आणि फीत घडी करून पर्समध्ये टाकली. "बिल्ला तुमचा. फीत माझी आहे, बाजारातून आणलेली."

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढल्याचं पत्र निघालं. त्यांच्या कपाटातलं सामान पोचवायला मी घरी गेलो. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. जिना चढताना रबराचा वास नाकात बसतो. बाईंचे यजमान पाणी उपसण्याच्या केंद्रावर नोकरीला होते आणि यंत्रांच्या धडधडीत त्यांचे कान गेलेले. त्यामुळे त्या घरात कुठलीही गोष्ट हळू बोलली जात नाही, आणि गल्लीत कोणाला वर्तमानपत्र घ्यावं लागत नाही.

"अहो, मला काढलं!" बाई ओरडल्या.

"काय वाढलं?"

"काढलं! कामावरून काढलं!"

खालच्या दुकानातला हातोडा थांबला. यजमानांनी क्षणभर बायकोकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि एवढंच विचारलं, "बरं. मग उद्या किती वाजता निघणार?"

त्यांची मुलगी रुग्णालयात नर्स होती, नुकतीच कामावरून आलेली, गणवेशातच. ती मात्र वैतागली. "आई, दगडच आहे ना गं तो? पाच वर्षं राहिली होती निवृत्तीला. एका दगडासाठी?"

"दगडाचं मला काही पडलेलं नाही. कारंज्यात बुडवा तो. मला त्या बाईचं पडलंय."

"कुठल्या?"

"वल्हंवाली. अगं, रिव्हरफ्रंट दोनशे फूट रुंद आहे. तिथे एक बाई वाट अडवून उभी राहिली असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? दोन्ही बाजूंनी माणसं सुखाने निघून जातील. तिची गोष्ट फक्त त्या खडकावरच खरी वाटते. जागा हलवली की तीही पुसली जाते. आणि पुसली गेल्यावर वर लिहितात, आनंदाने स्वागत केलं."

मुलगी चिडलेलीच होती, पण तिने आईच्या पायांत कापसाचे मोजे चढवले. बाईंच्या टाचांना भेगा पडायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझी बस पुलावरून चालली होती. पुलाच्या पूर्व टोकाला छत्रीबाई उभ्या. छत्री उंच. मागे कोणीही नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्या चालू लागल्या, रोजच्याच ढांगा टाकत. दुपारी मला वखारीच्या राखणदाराने सांगितलं, "बाई आल्या होत्या. दारासमोर उभ्या राहिल्या, सगळी माहिती सांगितली आणि गेल्या. एकट्याच. मी ऐकत होतो म्हणून बरं, नाहीतर भिंतींना सांगितली असती."

असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी त्यांच्या मागे एक वयस्क जोडपं होतं. पुढच्या महिन्यात आठ-दहाजण. परवाना नसल्याने त्या कोणाकडून एक पैसा घेत नव्हत्या. दुपारी एका चष्म्याच्या दुकानात बसायच्या, त्यावर आणि यजमानांच्या पेन्शनवर भागत होतं. कार्यालयाने अखेर पोलिसांना कळवलं. टेकडीच्या पायथ्याशी एका हवालदाराने त्यांना गाठलं.

"बाई, परवाना आहे का?"

"कशाचा? फिरायचा?"

"या लोकांना माहिती देताय तुम्ही."

"मी स्वतःशी बोलतेय. या वयात बोलतात माणसं. यांना ऐकू येतं त्याला मी काय करू?"

हवालदाराने वहीत काहीतरी लिहिलं, टोपी सारखी केली आणि पाहुण्यांमागून चालू लागला. वळणापर्यंत गेला. तिथे त्याने हळूच विचारलं, "मग काय झालं? तिसऱ्या दिवशी तरी उतरू दिलं का तिने?"

आता कार्यालयाने वेगळी युक्ती काढली. जुन्या उताराच्या पायवाटेवर एके सकाळी तारेचं कुंपण आणि कुलूपबंद फाटक उभं राहिलं. वर पाटी, 'धोकादायक क्षेत्र. प्रवेश बंद.' मला वाटलं, आता संपलं. मी त्या दिवशी थोडासा सुटल्यासारखाही झालो. रोज पुलावर ती छत्री दिसायची आणि मला मान वळवावी लागायची; ती दिसेनाशी झाली तर बरं, असं मनात येऊन गेलं. ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेली नाही.

पण छत्रीबाई फाटकापुढे पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि तडक नावाडीकाकांकडे गेल्या. हे काका त्यांच्या वडिलांचे सहकारी, पंचाहत्तरीचे. गाळ काढण्याच्या बोटीवर नोकरी केलेले, आता स्वतःची आठ प्रवाशांची होडी.

"काका, काठ बंद केलाय त्यांनी."

"करू देत," काका म्हणाले. "पाणी कुठे त्यांच्या बापाचं आहे?"

आणि इथून खरी मजा सुरू झाली. इतकी वर्षं आम्ही पाहुण्यांना जुन्या उतारावर मागून, रस्त्याने नेत होतो. आता ते पाण्यातून, समोरून यायला लागले, मोहीम आली तसे. होडी खडकाला लागली की बाई आधी एकट्या उतरायच्या, काकांच्या हातातलं जादा वल्हं घ्यायच्या आणि वाटेत उभ्या राहायच्या.

"आता उतरायचं की नाही, ते मी ठरवणार."

पाहुणे खो खो हसायचे. बाई हसायच्या नाहीत. दोन मिनिटं, तीन मिनिटं. होडी हलायची, ऊन लागायचं, कोणाच्या पायाला मुंग्या यायच्या. पाचव्या मिनिटाला हसणं थांबायचं. कोणीतरी विचारायचं, "अजून किती वेळ?" बाई वल्हं हलवायच्या नाहीत. दहाव्या मिनिटाला त्या म्हणायच्या, "तुमच्याकडे बंदुका नाहीत, म्हणून फोन होडीत ठेवा." मग एकेकाला विचारायला लावायच्या, "उतरू का?" तेव्हा कुठे वाट मिळायची.

एकदा एक गृहस्थ भडकले. "मी इतक्या लांबून आलोय आणि तुम्ही मला अडवता?"

"तेही लांबूनच आले होते," बाई म्हणाल्या.

त्या होडीची बातमी पसरली. पंधरा दिवस आधी नाव सांगावं लागू लागलं. मीही एका सुट्टीच्या दिवशी गेलो. खरं तर त्यांनी बोलावलं नव्हतं. होडीत बसलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे इतर सातजणांकडे बघावं तसंच बघितलं.

सगळे एकेक करून उतरले. मी शेवटी. फोन ठेवला, उभा राहिलो.

"उतरू का, बाई?"

"आधी सांग, त्या होड्या कुठे लागल्या?"

"तुम्हाला माहितीये."

"मला माहितीये रे. तुझ्या तोंडून ऐकायचंय. रोज दोनदा वेगळं सांगतोस म्हणून विचारतेय."

सातजण खडकावरून माझ्याकडे बघत होते. त्यांना काही कळत नव्हतं. नावाडीकाका मुद्दाम दुसरीकडे बघत होते. माझा चेहरा तापला. राग आला, त्यांचाच आला. मला वाटलं, म्हणावं, तुमची मुलगी कमावती आहे, माझ्या अजून शाळेत आहेत. पण वल्हं जड होतं आणि त्यांनी ते छातीसमोर आडवं धरलं होतं.

"इथे," मी म्हणालो.

"मोठ्याने. माझ्या नवऱ्याला ऐकू जाईल एवढं."

"इथे!" मी ओरडलो. वळणावरचे बगळे उडाले.

त्यांनी वल्हं बाजूला घेतलं आणि मला उतरायला हात दिला. लोक म्हणतात, खरं बोललं की हलकं वाटतं. मला काही हलकं वाटलं नाही. उलट आणखी जड वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी मला कामावर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रिव्हरफ्रंटवर तेहतीस पाहुणे होते. मी माइक घेतला. "आपण आत्ता उभे आहात..." इथपर्यंत सवयीने आलो. पुढचे शब्द जिभेवर तयार होते, ढकलले असते तर बाहेर पडले असते. मी थांबलो. एका बाईंना वाटलं, माइक बिघडला.

"...तिथे हा दगड दीड वर्षापूर्वी क्रेनने आणून ठेवलाय," मी म्हणालो. "मोहीम इथे उतरली नाही. ती वरच्या वळणावर उतरली आणि तिथे एका बाईने तिला दोन दिवस अडवून धरलं. तिथे बस जात नाही. मुक्कामाला असाल तर उद्या सकाळी नऊ वाजता पुलाच्या पूर्व टोकाला एक छत्री दिसेल. होडीत जागा नसली तरी तिच्या मागे जा."

साहेबांनी तासाभरात बोलावलं.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझीही नव्हती, साहेब."

त्यांनी नोटीस टाइप करायला सांगितली. पण त्याच आठवड्यात आमच्यातली आणखी दोघं तेच बोलली. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. बहुधा तीही होडीतून जाऊन आली होती. उरलेल्या पाचांपैकी तिघं गेली तर सुट्ट्यांच्या तोंडावर बस कोण चालवणार? म्हणजे बस चालल्या असत्या, बोलणारं कोणी उरलं नसतं. मग त्या निवृत्त मुख्याध्यापकांनी रोजनिशी मागवून स्वतः वाचली, आणि त्यांना वाचल्यावर राग आला. आपल्याला आधी का नाही वाचायला दिली याचा. नोटिशी निघाल्याच नाहीत. जाड अक्षरातलं वाक्य निवेदनातून वगळलं गेलं आणि त्या जागी आलं, 'मोहीम या शहरात उतरली.' ना खोटं, ना खरं. पण वल्हंवाल्या बाईची नोंद खाली जोडली गेली. स्मृतिशिला मात्र आजही कारंज्यासमोर आहे. पोरं तिच्यावर बसून आइस्क्रीम खातात.

साहेब बिल्ला परत द्यायला स्वतः टायरच्या दुकानावरचा जिना चढले. मी बरोबर होतो. अट किरकोळ होती, एका कागदावर सही. 'गैरसमजातून झालेल्या प्रकाराबद्दल.'

"गैरसमज कोणाचा, ते लिहा," बाई म्हणाल्या. "मग सही करते."

"बाई, तेवढं सोडा ना आता. मी आलोय ना घरी."

"आलात ते चांगलंच केलंत. पाणी घ्या. सही नाही."

आतून यजमानांचा आवाज आला, "कोण आलंय?"

"बिल्ला आलाय!"

"मग काय म्हणतोय?"

"चाललाय परत!"

साहेबांना हसू आवरलं नाही. त्यांनी बिल्ला खिशात ठेवला, पाणी प्यायले आणि जिना उतरले. पुढे त्यांची बदली झाली.

छत्रीबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. नावाडीकाका गेले, होडी त्यांचा जावई चालवतो. बाईंचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते, त्या सातव्या आठवड्यात होडीत बसल्या आणि मुलीने दोन दिवस अबोला धरला. होडीतून खडकावर चढायला आता दोघांनी धरावं लागतं. एकदा चढल्या, की मग त्यांना कोणी धरायचं नाही.

गेल्या महिन्यात पर्यटन कार्यालयातून त्यांना मोठ्या मानाचं निमंत्रण आलं. आताच्या साहेबांना जुना उतार फार आवडलाय. तिथे खडकात खांब रोवून काचेचा मंच बांधायचा, संध्याकाळी रंगीत दिवे, आणि उद्घाटन छत्रीबाईंच्या हस्ते. वर त्यांचा जाहीर सत्कार. मी आनंदाने धावत त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, जिंकलात बाई, अखेर जागा मानली त्यांनी.

बाई नकाशा पसरून बसल्या होत्या. त्यांनी खडकाच्या चित्रावर बोट ठेवलं. "किती भोकं पाडणार आहेत माहितीये? अठ्ठावीस. आणि मंच किती रुंद? ऐंशी फूट." त्यांनी चष्मा काढला. "आधी बाईला तिथून उचलून नेलं. आता तिच्या पायाखालचा खडक फोडणार आणि वर माझा सत्कार करणार. मी काय, उद्घाटनाला फीत कापून घरी येऊ?"

हरकतीचा अर्ज त्यांनी केलाय. अकराशे सह्या झाल्यात. त्यातली एक त्या हवालदाराची आहे, तो आता निवृत्त झालाय. सुनावणी येत्या मंगळवारी आहे.

"माझा आवाज हल्ली फार वेळ टिकत नाही," काल त्या मला म्हणाल्या. घरात नेहमीसारख्या ओरडूनच बोलत होत्या, आवाज तसा काही बसलेला वाटला नाही. "सुरुवात तू करायचीस. खडकाचं सगळं सांग. पाण्याची खोली सांग, गोटे सांग. मध्येच घाबरलास तर मी शेजारीच बसलेली आहे."

माझ्या नोकरीला अजून तीन वर्षं आहेत. मी सुट्टीचा अर्ज दिलाय. कारणाच्या रकान्यात पूर्वी मी 'घरगुती काम' लिहिलं असतं. या वेळी लिहिलं, 'कार्यालयाविरुद्ध सुनावणीत बोलायचं आहे.' लिपिकाने तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.